कुजबुजणारं कपाट हवंय

माझ्या मुलीला कशाचीच भीती वाटत नाही, हे मला एका रविवारी दुपारी कळलं आणि तिथून माझ्या सुखी संसाराला उतरती कळा लागली.

मुलगी वैद्यकीय कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दुपारी ती सोफ्यावर आडवी पडून मोबाइलवर भुताचा सिनेमा बघत होती. पडद्यावर एक बाई छतावरून उलटी चालत येत होती, आणि ही काकडी खात खात हसत होती.

"बाबा, बघा ना, हिचा खांदा निखळलाय. खांदा निखळल्यावर कोणी इतकं फिरत नाही."

"अगं, ते भूत आहे."

"भूत असलं म्हणून काय झालं? खांदा तो खांदाच."

आता यावर गप्प बसून पेपर वाचत राहणं हा शहाणपणाचा मार्ग होता. पण मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात काम करतो. दिवसभर खिडकीमागे बसून लोकांचं ऐकून घ्यायचं आणि काही बोलायचं नाही, हा माझा पेशा आहे. त्यामुळे घरी आल्यावर बोलायची संधी मी सोडत नाही. मी चष्मा काढला आणि म्हणालो, "भीती म्हणजे काय हे तुमच्या पिढीला ठाऊकच नाही. भीती वाचावी लागते. आमच्या वेळी भयकादंबऱ्या होत्या."

डायनिंग टेबलावर गणिताचे पेपर तपासत बसलेल्या बायकोने 'आमच्या वेळी' या शब्दांवर मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि कुणाचे तरी अर्धे मार्क कापून टाकले.

मी मुलीला त्या कादंबऱ्यांचं वर्णन करून सांगितलं. हातात मावतील एवढ्या, पिवळट कागदाच्या. मुखपृष्ठावर हमखास एक बंगला आणि त्यातून कंदील घेऊन पळणारी बाई. जीव वाचवायला पळताना ती कंदील का विझवत नाही, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई त्या भाड्याच्या वाचनालयातून आणायची. दुपारी घरची मोठी माणसं झोपली, की पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसून ती हळू आवाजात मला वाचून दाखवायची. त्यात सगळ्यात भयंकर होती 'कुजबुजणारं कपाट'. एक लाकडी कपाट असतं आणि ते माणसाचं नाव घेतं. ज्याचं नाव घेतलं, तो संपला. शेवट तर असा होता, की त्यानंतर कितीतरी दिवस मी कपाटात टांगलेला शर्ट अंगात घालत नव्हतो. दोरीवरचा ओला चालेल, पण कपाटातला नको.

"मग आणा ना," मुलगी म्हणाली. "वाचते मी. घाबरले तर कबूल करीन."

"ताईंकडे असेल," पेपरातून मान वर न करता बायको म्हणाली. "फोन करा त्यांना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताई आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हतो. ती बोलत होती की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण मी फोनच उचलत नव्हतो. भाच्याच्या लग्नात ग्रुप फोटो काढताना, नवरीकडच्या सगळ्या माणसांसमोर, ताईने मला माझ्या टकलावर फ्लॅश चमकतो म्हणून कडेला व्हायला सांगितलं होतं. सख्ख्या मामाला. मी ताठ मानेने, चमकत, निघून आलो होतो.

"जगात त्या पुस्तकाची एकच प्रत नाहीये," मी बायकोला म्हणालो.

त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सरकारी ग्रंथालयात गेलो. काउंटरवर बाई बसल्या होत्या. खांद्यावर शाल, पुढ्यात संगणक, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो मी रोज सकाळी साडेदहाला खिडकीत बसताना स्वतःच्या चेहऱ्यावर चढवतो. मी नाव सांगितलं. त्यांनी एका बोटाने ते टाइप केलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. "कुठे आहे?"

"कपाटात."

"हो, कपाटच. 'कुजबुजणारं कपाट'."

"तेच म्हणतेय. 'कुजबुजणारं कपाट' नऊ नंबरच्या कपाटात आहे. नऊ नंबर बंद आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत. गुरुवारी या."

गुरुवारी किल्लीवाले गृहस्थ आले होते. त्यांनी अगदी समारंभपूर्वक नऊ नंबरचं कपाट उघडलं. आत दोन झाडू, एक पाती नसलेला पंखा आणि कुठल्याशा उद्घाटनातली रिबीन निघाली.

"पुस्तक इथे नाहीये," मी काउंटरवर परत येऊन म्हणालो.

"आहे," बाई म्हणाल्या.

"मी आत्ता बघून आलो. झाडू आहेत."

बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. 'उपलब्ध' असं दिसतंय."

"मग ते हरवलं असेल. दुसऱ्या शाखेतून मागवा."

"दुसऱ्या शाखेतून मागवायला ते आमच्याकडे नसायला हवं. आमच्याकडे तर आहे."

"ते हरवलंय अशी नोंद करा ना मग."

"असलेलं पुस्तक हरवलं म्हणून कशी नोंद करू? उद्या कोणी विचारलं तर?"

हे सगळे संवाद माझे होते. आदल्याच दिवशी एक आजोबा हातात मेणबत्ती घेऊन माझ्या खिडकीशी आले होते आणि मी त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या घरी वीज आहे असं इथे दिसतंय. ही बाई माझंच शस्त्र माझ्यावर चालवत होती, आणि माझ्यापेक्षा सफाईदारपणे.

"तक्रार कुणाकडे करायची?" मी विचारलं.

"माझ्याकडेच," त्या म्हणाल्या. "पण आज नाही."

मनातून मी त्यांना सलाम केला आणि बाहेर पडलो.

रद्दीची दुकानं झाली, जुन्या पुस्तकांचे गाडे झाले. एका गाडेवाल्याने 'भयकादंबरी' शब्द ऐकून माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि 'निवृत्तीनंतरचे नियोजन' नावाचं पुस्तक हातात दिलं. एवढ्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मला तिसऱ्या मजल्यावरचे वजनमापे भेटले. यांचं खरं आडनाव कोणी घेत नाही. वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेत आणि अजूनही भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघितल्याशिवाय भाजी घेत नाहीत. कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे नेमका सल्ला तयार असतो.

"अहो, पायपीट कसली करताय? बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका. एवढी बिऱ्हाडं आहेत, कुणाकडे तरी निघेलच."

सल्ला वाईट नव्हता. मी तिथेच जिन्यात उभं राहून मोबाइलवर लिहिलं. पुस्तकाच्या नावाला अवतरण चिन्हं द्यायची होती, पण माझ्या मोबाइलमध्ये ती कुठे असतात ते सापडेना. अवतरण चिन्हांची किंमत माणसाला ती नसल्यावरच कळते. मी लिहिलं: 'नमस्कार. मला कुजबुजणारं कपाट हवं आहे. जुनं, खिळखिळं, मागून फाटलेलं असलं तरी चालेल. आतलं सगळं शाबूत असावं एवढीच अपेक्षा.'

घरात शिरून चपला काढेपर्यंत उत्तरं यायला लागली. 'कुजबुजणारं म्हणजे करकरणारं का?' 'आमचं करकरतं, पण द्यायचं नाहीये.' 'बिजागरीत तेल सोडा, नवीन कशाला घेता?' एकाने सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली आणि मग पुसली. सोसायटीच्या चेअरमनांनी लिहिलं, 'ग्रुपवर फर्निचरची खरेदी-विक्री करू नये.' मी खुलासा करायला बसलो, पण तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. आणि सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं होतं. त्यात माझं कपाट कुठल्या कुठे वाहून गेलं. मी म्हटलं, बरं झालं.

ऑफिसला निघताना जिन्यात पुन्हा वजनमापे. त्यांनी माझा हात धरून मला कोपऱ्यात घेतलं.

"तुम्ही आता काही बोलू नका. व्यवस्था झालीय."

"म्हणजे तुमच्याकडे आहे?"

"सासूबाईंचं. त्या गेल्यापासून कोणी उघडलेलंसुद्धा नाही."

"अरे वा! मग आतली पानं अगदी चांगली असतील."

"पानं? हां, फळ्या म्हणताय. एकदम टणक. जरा जड आहे, एवढंच."

"जड असू दे हो. हल्ली हलकंफुलकं मला चालत नाही."

"पैशाची भाषा काढायची नाही," वजनमापे म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "तुम्ही फक्त घ्या. दुपारी खाली पाठवतो."

एखादं पुस्तक देताना माणसाचे डोळे पाणावतात, याचं मला फार कौतुक वाटलं. अशी वाचनवेडी माणसं आता कुठे राहिलीत, असा विचार करत मी ऑफिसात पोचलो.

दुपारी एक बाई मला सांगत होत्या, की त्यांच्या मीटरमधून आवाज येतो, आणि मी त्यांना सांगत होतो, की मीटरमधून आवाज येण्याची तरतूद नाही. तेवढ्यात चेअरमनांचा फोन आला.

"ताबडतोब घरी या. तुमचं कपाट अडकलंय."

"माझं कपाट?"

"जिन्याच्या वळणावर. वरच्यांना खाली येता येत नाही, खालच्यांना वर जाता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचा संपर्क तुटलाय."

"पण ते माझं नाही!"

"तुम्हीच ग्रुपवर लिहिलंय. मागून फाटलेलं चालेल, असंसुद्धा लिहिलंय."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेचं कारण काय, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "कपाट."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण तिच्यात माणूस आणि त्याची छत्री एकाच वेळी मावत नाही. म्हणून वजनमाप्यांनी दोन हमाल लावून ते कपाट जिन्याने उतरवायला घेतलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे प्रवास एकाच मजल्याचा. पण वळणावर ते असं काही तिरकं बसलं होतं, की जणू बिल्डिंग त्याच्याभोवती बांधलीय. चांगलं पुरुषभर उंच, काळपट लाकडाचं, माथ्यावर कोरीव पट्टी. हमाल खालच्या बाजूला अडकले म्हणून घरी निघून गेले होते. वरच्या बाजूला वजनमापे दांपत्य अडकलं होतं. कपाटाच्या अलीकडे मी आणि चेअरमनांनी बोलावलेला सुतार.

सुताराने कपाटावर टिचकी मारून बघितली. "कापावं लागेल, साहेब."

"कापाल तर खबरदार!" कपाटापलीकडून वजनमापेबाईंचा आवाज आला. "माझ्या आईचं कपाट आहे ते! चांगल्या घरी पडतंय म्हणून देतेय मी. लाकूडफाट्याला नाही दिलं!"

मग पलीकडे थोडी कुजबुज झाली, पावलं वाजली, एक दार बंद झालं. शांतता. आणि मग कपाटाच्या आतून, अगदी खोल आतून आल्यासारखा एक आवाज आला:

"अहो… ऐकताय का?"

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण?"

"हळू! मी… वजनमापे. तिला आत पाठवलंय, चहा ठेवायला. कापा हो. बिनधास्त कापा. काय वाटेल ते करा, पण ते परत वर पाठवू नका. लग्न झाल्यापासून बघतोय मी ते."

"काय? नीट ऐकू येत नाहीये."

"कान लावा."

मी कपाटाच्या दाराला कान लावला. दोन्ही हात दारावर टेकले, डोळे मिटले आणि दबक्या आवाजात म्हणालो, "हं, आता बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

नेमके याच क्षणी चेअरमन आणि त्यांची बायको खालून जिना चढून आले. सुतार हत्यारं आणायला खाली गेला होता. त्यामुळे त्यांना जे दिसलं ते असं, की वीज कंपनीतला एक पन्नाशी उलटलेला जबाबदार माणूस एका कपाटाला मिठी मारून त्याचं म्हणणं ऐकून घेतोय.

चेअरमनांनी हलक्या आवाजात विचारलं, "काय म्हणतंय?"

"कापा म्हणतंय," मी म्हणालो.

चेअरमनांची बायको एक पायरी खाली उतरली.

अखेर कापावं लागलं नाही. सुताराने माथ्यावरची पट्टी काढली, खालचे पाय काढले, दोघा-तिघांनी रेटा दिला आणि कपाट एकदम सुटून धडधडत आमच्या मजल्यावर आलं. सगळ्यात जवळचं उघडं दार माझंच होतं. "तात्पुरतं इथे ठेवू," चेअरमन म्हणाले. तात्पुरतं म्हणजे काय, हे मला तक्रार विभागात बसून पुरतं ठाऊक आहे. ते कपाट आमच्या हॉलमध्ये खिडकीला पाठ लावून उभं राहिलं. दुसरीकडे कुठे ते मावतच नव्हतं. भर दुपारी घरात संध्याकाळ झाली.

बायको शाळेतून आली. तिने पर्स ठेवली. कपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पुस्तक मिळालं का?" तिने विचारलं.

एवढंच. आरडाओरडा केला असता तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण ती हातपाय धुऊन आली, कपाट आतून-बाहेरून पुसलं, आणि माझे, मुलीचे, स्वतःचे कपडे त्यात टांगायला लागली. आहे तर वापरायचं, असा तिचा खाक्या आहे. गणिताची बाई. पदरी आलेली संख्या ती वाया घालवत नाही.

वजनमापेबाई रोज येऊन कपाटाची विचारपूस करायला लागल्या. त्याला ऊन लागू देऊ नका, त्याच्यावर ओलं काही ठेवू नका, आईला आवडायचं नाही. वजनमापे मात्र जिन्यात मला बघितलं की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आणि बिल्डिंगमधली माणसं माझ्याशी एकदम फार प्रेमाने बोलायला लागली. 'झोप लागते ना व्यवस्थित?' 'कामाचा ताण घेऊ नका हो.' तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी तर, काही नाही, सहज, म्हणून माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली.

चेअरमनांची बायको ही ताईच्या शेजारणीची मामेबहीण. त्यामुळे रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात ताई उभी दिसली, तेव्हा मला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं. ती थोडी वाळली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात औषधांचा डबा. डबा माझ्यासाठी असावा.

"काय रे खारू," ती दारातूनच म्हणाली. लहानपणी माझे पुढचे दात खारीसारखे होते, म्हणून हे नाव. माझ्या मुलीसमोर ते घ्यायची काही गरज नव्हती. "कपाट बोलतं म्हणे तुझ्याशी. आणि सख्ख्या बहिणीशी बोलायला तुला सवड नाही."

"मी कडेला उभा आहे," मी म्हणालो. "ये आत. उजेड डोळ्यांवर आला तर सांग."

ताई जन्मभर कोर्टात लघुलेखक होती. कोण, कधी, काय म्हणालं, हे तिला शब्दशः आठवतं. तिच्याशी भांडण म्हणजे पुराव्यानिशी भांडण.

"मी 'टक्कल' हा शब्द वापरला नव्हता," ती बसत म्हणाली. "मी म्हणाले, 'खारू, जरा कडेला हो, उजेड परततोय.' तू म्हणालास, 'मग मी जातोच.' मी म्हणाले, 'जेवून जा.' तू म्हणालास, 'मला तुमचं जेवण नको.' आणि मग तू जेवलास. दोनदा वाढून घेतलंस. मी बघत होते."

बायको आत चहा करायला गेली. तिच्या पाठीवरून मला कळलं, की ती हसतेय.

मग माझ्या मुलीने सगळी हकिगत आत्याला सांगितली. सिनेमा, काकडी, ग्रंथालय, ग्रुप, जिना. माझ्या बाजूने जे काही सांगण्यासारखं होतं ते सगळं वगळून सांगितली. ताईने ती शांतपणे ऐकली, पिशवीत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक टेबलावर ठेवलं. बंगला. बाई. कंदील.

"तुझ्या बायकोने त्याच दिवशी फोन केला होता मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, मागू दे की त्याला."

मी बायकोकडे बघितलं. ती कपात साखर मोजून घालत होती.

दुपारी आम्ही चौघं बसलो. मुलीने मोठ्याने वाचायला घेतलं. मी अंगावर काटा यायची वाट बघत सोफ्याच्या कडेवर बसलो होतो. पहिलंच वाक्य: 'बंगल्याचं दार करकरलं आणि दिवाकरच्या हिरव्या डोळ्यांत भीती तरळली.' चौथ्या पानावर दिवाकरचे डोळे तपकिरी झाले. पुढे एका प्रसंगात तो उजव्या हातात मेणबत्ती, डाव्या हातात पिस्तूल आणि तिसऱ्या कुठल्या तरी हाताने घाम पुसत जिना उतरला.

"हृदय थिजून मृत्यू?" मुलगी वाचता वाचता थांबली. "कुणी लिहून दिलं हे? आणि मानेतून इतकं रक्त? बाबा, एवढं रक्त तर पूर्ण माणसात नसतं."

"मेलेली माणसं पाच आहेत," बायको पेन्सिलने हिशेब करत म्हणाली, "आणि प्रेतं सहा सापडली."

मी त्यांना गप्प करणार होतो. पण कपाट हसलं की बंगल्यातले दिवे लुकलुकतात, या वाक्यावर माझ्याच तोंडून निघून गेलं, "जोडणी सैल असणार. कुणी तक्रार केली नसेल." मी जीभ चावली. ज्या बंगल्याच्या नुसत्या आठवणीने मी पांघरुणात घाम गाळला होता, त्याचा मालक इतकी वर्षं ओल आलेली भिंत का दुरुस्त करत नाही, एवढाच विचार आता माझ्या डोक्यात येत होता. पान उलटेल तसा मी खजील होत गेलो. मुलगी हसून हसून डोळे पुसत होती. मी तिला माझं बालपण दाखवायला निघालो होतो, आणि बालपण गबाळ्या कपड्यांत येऊन तिच्यासमोर उभं राहिलं होतं.

"शेवट येऊ दे," मी म्हणालो. "शेवट ऐक, मग हस."

मुलीने पान उलटलं. पुढे मागचं पुठ्ठ्याचं पान होतं.

"संपलं," ती म्हणाली. "दिवाकर कपाटाकडे चालत गेला, आणि… संपलं. पानंच नाहीत."

"पानं कुठे गेली?" मी ताईला विचारलं. "फाडलीस?"

"नव्हतीच. वाचनालयातून आणली तेव्हाच नव्हती. म्हणून तर वाचनालयवाल्याने ती कादंबरी मला देऊन टाकली."

"काहीतरीच काय! मला शेवट लख्ख आठवतोय. शर्टाचा."

ताईने चहाचा कप खाली ठेवला. "तो मी सांगितला होता."

मुलीने पुस्तक मिटलं.

"पानं नाहीत म्हटलं असतं, तर तू भोकाड पसरलं असतंस आणि आई उठली असती," ती म्हणाली. "म्हणून मी पुस्तकाकडे बघत बघत सांगत गेले. तुला वाटलं, वाचतेय."

म्हणजे इतकी वर्षं, ज्या लेखकाचं नाव मी ऑफिसात चारचौघांत आदराने घेत होतो, तो दिवाकरला तिसरा हात देणारा माणूस होता. आणि खरी लेखिका लग्नातल्या फोटोतून मला बाहेर काढत होती.

"सांग ना आत्या," मुलगी म्हणाली. "जसा तेव्हा सांगितलास तसा."

ताईने आढेवेढे घेतले नाहीत. तिने हात मांडीवर ठेवले आणि सपाट, कोर्टातल्यासारख्या आवाजात बोलायला सुरुवात केली. चढ नाही, उतार नाही. जणू एखाद्या साक्षीदाराचा जबाब वाचून दाखवतेय.

"लोकांना वाटत होतं, की आवाज कपाटातून येतो. म्हणून ते कपाट बंद ठेवायचे. कुलूप लावायचे. पण आवाज कपाटाचा नव्हता. तो आत टांगलेल्या कपड्यांत मुरायचा. दमट वास मुरतो तसा. पहिल्या दिवशी तो कपड्यांच्या पार मागून यायचा. दुसऱ्या दिवशी बाह्यांमधून. मग यायचाच बंद व्हायचा. घरातल्यांना वाटायचं, गेला. एके दिवशी घरातलं एक माणूस त्यातला शर्ट घालायचं आणि बाहेर जायचं. दिवसभर काही व्हायचं नाही. माणूस हसायचं, बोलायचं, घरी येऊन दुपारी सगळ्यांबरोबर बसायचं. आणि मग आजूबाजूचे सगळे एका क्षणी गप्प झाले, की त्याला आपल्या कॉलरमधून, अगदी कानाखालून, आपलं नाव ऐकू यायचं. लहानपणचं. घरातल्यांनाच ठाऊक असलेलं."

सगळे गप्प होते.

"खारू…" ताई म्हणाली. ओठ हलवून न हलवल्यासारखं.

मी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. ते कधी घेतले मला कळलं नाही. आणि बघतो तर मुलीचेही पाय सोफ्यावर होते. तिने त्या सकाळी माझा जुना निळा शर्ट कपाटातून काढून घातला होता, आणि तिचा हात कॉलरपाशी होता. कॉलर मानेपासून दूर धरून ती बसली होती. बायको उठली, हॉलचा दिवा लावला आणि परत येताना कपाटापासून लांबचा रस्ता धरला.

"घाबरलीस," मी मुलीला म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थोडी." आणि मग एकदम, "आत्या, पुढे? त्याचं काय होतं?"

"पुढे मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"तुझा बाप इथवर आला की किंचाळायचा. आई उठायची, मला धपाटा पडायचा आणि गोष्ट तिथेच थांबायची. त्याने पुढचं कधी ऐकूनच घेतलं नाही. मग मीही रचलं नाही."

"मग आता रचा," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, सोपं आहे. तो शर्ट काढून फेकून देतो आणि पळतो. ताई म्हणाली, हे अगदी तुझ्यासारखं झालं, जातो म्हणायचं आणि जायचं. तो तसाच बसून राहतो आणि ओ देतो. मी म्हटलं, ओ देणारा माणूस मूर्ख असतो. ती म्हणाली, ओ न देणारा माणूस वर्षभर फोन उचलत नाही, आणि मूर्ख कोण ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. मुलगी म्हणाली, आवाज ऐकू येणं हे मेंदूच्या एका भागाचं… आणि आम्ही दोघंही एकदम तिच्यावर खेकसलो, की मध्ये बोलू नकोस. बायको म्हणाली, आधी कपाटात आवाज आला कुठून ते ठरवा, नाहीतर उत्तर चुकणार. यावर ताई तिच्यावरही रागावली. चहा दोनदा झाला. वजनमापेबाई कपाटाची चौकशी करायला आल्या, दारात उभं राहून पाच मिनिटं ऐकलं आणि कपाटाकडे न बघता वर निघून गेल्या.

दिवेलागण झाली तरी काही ठरलं नाही. ताई शेवटाची एक ओळ सोडायला तयार नाही, आणि पळून जाण्याचा माणसाचा मूलभूत हक्क मी सोडणार नाही. शेवटी ती तणतणत चपला घालायला लागली. मी दाराशी गेलो. ती जिना उतरत खालच्या वळणापर्यंत गेली आणि तिथून ओरडून म्हणाली, "रविवारी सकाळीच येते. तोवर शेवटाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

"बघू," मी वरून ओरडलो.

दार लावून आत आलो आणि मुलीला म्हटलं, कागद घे, लिही. आपण पळवून लावू त्याला. ती म्हणाली, "आधी तुम्ही कपाटातून माझा दुसरा शर्ट काढून द्या."

मी म्हटलं, दोरीवर एक आहे. जरासा ओला असेल, पण चालेल.